सणाची तारीख छापताना तिचा हिशेबही छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात रोज पंचांगाच्या चौकटीत सण येतात आणि वर्षअखेरीस पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची पानभर यादी येते. मुंबईतल्या अनेक घरांत हे पान कापून फ्रिजवर लावले जाते. दिनदर्शिकांसाठी निरनिराळ्या धर्मांच्या तारखा तपासून देणे हे आमचे काम असल्याने ही यादी आम्ही बारकाईने वाचतो, आणि तिच्याबद्दल एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

यादीत २६ जानेवारी आणि रमजान ईद एकाच ठशात, एकाच ठामपणे छापलेली असते. पहिली तारीख कायद्याने ठरलेली आहे. दुसरी आदल्या संध्याकाळी चंद्रकोर दिसते की नाही यावर ठरते. मग ईद एक दिवस पुढे गेली की मथळ्यात ‘तारखेचा घोळ’ असे शब्द येतात आणि वाचकाला वाटते, या लोकांचे आपसांत जमत नाही. घोळ कुठेच झालेला नसतो. तारीख बदलू शकते एवढे वाचकाला आधी सांगितलेले नसते. म्हणून प्रत्येक तारखेसोबत तीन गोष्टी द्याव्यात: ती कोणत्या गणनेची आहे, पक्की आहे की चंद्रदर्शनावर अवलंबून आहे, आणि त्या परंपरेत दिवस कधी सुरू होतो. पोलीस बंदोबस्त, शाळांच्या परीक्षा, देवनारचा बकऱ्यांचा बाजार, दादरचा फूलबाजार, हॉलचे बुकिंग अशा कितीतरी गोष्टी मुंबईत या तारखांवर ठरतात.

सर्वांच्या आठवणीतले उदाहरण ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशीचे. २०२३ मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरलाच आल्या. मुस्लिम संघटनांनी मुंबईतला जुलूस २९ तारखेला नेला आणि राज्य सरकारने सुट्टीही हलवली. २०२४ मध्ये मिलाद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ला होते, त्यामुळे मुंबईत सुट्टी १८ला गेली. २०२५ मध्ये मिलाद ५ सप्टेंबरला आणि विसर्जन ६ला आले, तेव्हा ती ८ला गेली. सलग तीन वर्षे बातमीत ‘योगायोग’ हा शब्द आला. हा योगायोग आधीच मांडता येण्यासारखा होता.

अनंत चतुर्दशी भाद्रपदातली, तर मिलाद मुस्लिमांच्या हिजरी गणनेतल्या रबी-उल-अव्वल महिन्याच्या १२ तारखेची. हे दोन्ही चांद्रमास आहेत. एक अमावास्या संपली की सुरू होतो, दुसरा त्यानंतर कोर डोळ्यांना दिसली की. कोर बहुधा शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेच्या संध्याकाळी दिसते, म्हणून हिजरी महिन्याची १२ तारीख शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडते. हे दोन महिने एकमेकांवर आले की मिलाद आणि अनंत चतुर्दशी शेजारीच येणार. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी भरते. २८, १७ आणि ६ सप्टेंबर या विसर्जनाच्या तीन तारखा पाहिल्या की ११ दिवसांची पायरी स्पष्ट दिसते. त्या वर्षांत दोन्ही पंचांगे बरोबरीने मागे सरकत होती.

फरक पडतो तो अधिक मासाने. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो महिना अधिक धरला जातो. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी तो येतो आणि हिंदू सणांना पुन्हा ऋतूंवर आणतो. हिजरी गणनेत अधिक महिना घेत नाहीत. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला जाते. मिलाद मात्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच येते. जोडी सुटली. याच नियमाने २०१८ ते २०२० ही तीन वर्षे भाद्रपदावर मोहरम होता, म्हणून गणपतीच्या दहा दिवसांत आशुरा, म्हणजे मोहरमची १० तारीख, येत होता. पुढची दोन वर्षे भाद्रपदावर सफर महिना आला आणि त्यात मुंबईच्या रस्त्यांवर मोठी गाठ पडणारे काही नसल्याने कोणाच्या लक्षातही आले नाही. त्यानंतर रबी-उल-अव्वल आला. २०२६पासून तीन वर्षे रबी-उल-आखिर आहे. हे चक्र पूर्ण फिरायला सुमारे साडेबत्तीस वर्षे लागतात. असा तक्ता आपण वर्षातून एकदा छापलात तर गणेशोत्सव मंडळे, जुलूस समित्या आणि वाहतूक पोलीस या सर्वांना दोन वर्षे आधी तयारी करता येईल.

आता चंद्रदर्शनाबद्दल. हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. २९ तारखेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर शोधली जाते. ती दिसली, साक्षीदारांची शहादत (साक्ष) हिलाल कमिटीने, म्हणजे चंद्रदर्शनाचा निर्णय देणाऱ्या समितीने, मान्य केली, की दुसऱ्या दिवसापासून नवा महिना. नाही दिसली तर ३० दिवस पुरे करायचे, मग ३१व्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे अनिश्चितता जास्तीत जास्त एका दिवसाची असते, आणि तीही बऱ्याचदा आधी ओळखता येते. त्यासाठी आपल्याच पंचांगातली अमावास्या-समाप्तीची वेळ पुरते. अमावास्या संपल्यापासून सूर्यास्तापर्यंत १५ तासांहून कमी वेळ गेला असेल तर कोर नुसत्या डोळ्यांनी जवळजवळ दिसतच नाही, कारण चंद्र अजून सूर्याच्या अगदी जवळ असतो. २४ तासांहून जास्त गेले असतील तर निरभ्र आकाशात ती बहुधा दिसते. मधल्या वेळेत धूसर क्षितिज, ढग आणि चंद्राची उंची यांवर सगळे अवलंबून असते, आणि पावसाळ्यातल्या मुंबईत ढगांचाच प्रश्न मोठा. सूर्यास्ताच्या वेळी कोर क्षितिजापासून दहाएक अंशांवर असली तर ती तासाभराच्या आत मावळते. त्यातली पहिली वीसेक मिनिटे संधिप्रकाशात वाया जातात. उरलेल्या थोड्या वेळात चौपाटीवर पश्चिमेला एखादा ढगाचा पट्टा असला तरी ती संध्याकाळ हुकते.

२०२६चा गुढीपाडवाच घ्या. १९ मार्चला सकाळी सातच्या सुमारास अमावास्या संपते आणि मुंबईत सूर्यास्त सायंकाळी पावणेसातच्या पुढे होतो. मधले अंतर जेमतेम १२ तासांचे. रमजानची २९ तारीख त्याच दिवशी धरली, तर त्या संध्याकाळी भारतातून कोर दिसण्याची आशा नाही हे पंचांग पाहूनच सांगता येते. रमजान ३० दिवसांचा धरून ईद २१ मार्चला येते. अशा वर्षी यादीत ‘जवळपास निश्चित’ लिहायला हरकत नाही. ज्या वर्षी अंतर १७-१८ तासांचे असेल, त्या वर्षी दोन्ही तारखा छापाव्यात. सौदीत ईद आदल्या दिवशी का होते, हेही दर वर्षी विचारले जाते. मक्का मुंबईच्या सुमारे ३३ रेखांश पश्चिमेला आहे. तिथे सूर्यास्त सव्वादोन तास उशिरा होतो आणि तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी अंशभर दूर जातो. त्यात तिथली निर्णयाची पद्धतही वेगळी आहे.

भेंडीबाजारातल्या दाऊदी बोहरा समाजाची ईद इतरांच्या एक-दोन दिवस आधी येते, ती वेगळ्याच कारणाने. त्यांची मिसरी गणना पूर्णपणे गणिती आहे. विषम महिने ३० दिवसांचे, सम महिने २९ दिवसांचे. ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षे ३५५ दिवसांची असतात आणि तो जादा दिवस शेवटच्या जिल्हज महिन्यात जातो. एका चक्राचे १०,६३१ दिवस होतात. रमजान नववा, म्हणून तो नेहमी ३० दिवसांचाच. या समाजाच्या तारखा शंभर वर्षे आधीही ठामपणे छापता येतात, तरी आपल्या यादीत त्यांना जागा नसते.

छापील यादीत वारंवार होणारी आणखी एक चूक दिवसाच्या सुरुवातीची आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, सरकारी मध्यरात्री, मुस्लिम आणि ज्यू परंपरेत सूर्यास्ताला. शब-ए-बारात ही शाबान महिन्याची १५वी रात्र १५ तारखेच्या दिवसाआधी येते. यादीत दिवसाची तारीख असते आणि कबरस्तानाबाहेरचा बंदोबस्त किंवा रात्रीच्या लोकलचे नियोजन शोधणारा वाचक एक रात्र चुकतो. ज्यूंच्या योम किप्पूरचा उपवास आदल्या दिवशी सूर्यास्ताला धरतात आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर सोडतात, असा सुमारे २५ तासांचा. त्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, हाही शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, तिचे मूळही याच जुन्या रिवाजात आहे. उपाय सोपा आहे. तारखेऐवजी ‘अमुक तारखेच्या सूर्यास्तापासून’ असे छापावे.

पारशी समाज याच शहरात राहतो, याच शहरात त्यांच्या अग्याऱ्या आहेत, आणि तरीही सर्वांत जास्त चुका त्यांच्याबद्दल छापल्या जातात. ऑगस्टच्या मध्यावर ‘पतेतीच्या शुभेच्छा’ हा मथळा ठरलेला. पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, पश्चात्तापाचा. त्याआधी मुक्तादचे दिवस, पितरांच्या फ्रवशींचे (आत्म्यांचे) स्मरण करण्याचे. शुभेच्छा द्यायच्या त्या दुसऱ्या दिवशीच्या नवरोजला.

पारशांच्या शहेनशाही गणनेचे वर्ष ३० दिवसांच्या १२ महिन्यांचे आणि शेवटी ‘गाथा’ नावाच्या पाच जादा दिवसांचे, असे बरोबर ३६५ दिवसांचे. लीप दिवस नाही. त्यामुळे दर चार वर्षांनी नवरोज एक दिवस अलीकडे येतो. २०२० ते २०२३ तो १६ ऑगस्टला होता, २०२४ ते २०२७ तो १५ ऑगस्टला आहे आणि २०२८च्या २९ फेब्रुवारीनंतर १४ ऑगस्टला येईल. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत तो सध्या झाकला जातो. ‘यंदा पारशी नववर्षाची सुट्टी रद्द’ असे कोणी लिहिले तर ते चूक आहे, राज्याच्या अधिसूचनेत दोन्ही नावे एकाच तारखेसमोर असतात. कदमी गणना शहेनशाहीच्या बरोबर ३० दिवस पुढे आहे, म्हणून त्यांचा नवरोज सध्या १६ जुलैला येतो. १७४५ मध्ये सुरतेत काहींनी इराणची गणना स्वीकारली तेव्हापासून ही फारकत आहे. फसली गणना वसंतसंपाताला धरून, लीप दिवसासह चालते आणि तिचे वर्ष २१ मार्चला सुरू होते. जमशेदी नवरोज म्हणून तो दिवस इतर पारशीही साजरा करतात. तीन नववर्षे असलेला हा एवढासा समाज एकमेकांच्या तारखा शांतपणे मानतो, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

या गणनेत आठवड्याचे वार नसतात. महिन्याच्या ३० दिवसांना प्रत्येकी एक नाव, म्हणजे रोज, आणि महिन्याला नाव, म्हणजे माह. दोन्ही नावे जुळली की त्या यज़दाचा (पूज्य दिव्यशक्तीचा) परब, म्हणजे सण, येतो. आठव्या आवां महिन्याचा दहावा दिवस आवां रोज. तो शहेनशाही गणनेने सध्या २२ मार्चच्या सुमारास येतो. त्या दिवशी चर्चगेटजवळच्या भिखा बेहराम विहिरीवर पारशी स्त्री-पुरुष प्रार्थनेसाठी येतात. विहीर १७२५ची आहे. गोड्या पाण्याची ही विहीर मुंबईकर रोज ओलांडून जातात, पण परबाची एक ओळही वर्तमानपत्रात सहसा दिसत नाही.

२०२६ मध्ये ३१ मार्च ते ५ एप्रिल या सहा दिवसांत महावीर जयंती, हनुमान जयंती, ज्यूंचा पेसाह, गुड फ्रायडे आणि ईस्टर एका रांगेत येतात. अशा वेळी ‘सर्वधर्म सणांची पर्वणी’ असे शीर्षक देऊन पान पूर्ण करण्याचा मोह होतो. कारणही द्यावे. २ एप्रिलची पौर्णिमा या पाचही सणांचा खुंटा आहे. महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीला, हनुमान जयंती पौर्णिमेला. पेसाह निसान महिन्याच्या १५ तारखेला, तीही पौर्णिमाच, आणि सुरुवात १ एप्रिलच्या सूर्यास्ताला. ईस्टर हा २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच फिरतो. गुड फ्रायडे त्याच्या दोन दिवस आधी. उपवासकाळ सुरू करणारा ॲश वेन्सडे ईस्टरच्या ४६ दिवस आधी, कारण उपवासाचे ४० दिवस मोजताना मधले सहा रविवार धरत नाहीत. चर्चची पौर्णिमा आकाशातली नसून कोष्टकातली आहे. ते कोष्टक १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात या जुन्या मेळावर उभे आहे. ज्यू गणनाही याच १९ वर्षांच्या चक्राची, त्यात सात वेळा अदार महिना दोनदा येतो.

हे दोन्ही हिशेब प्रत्येक वर्षी जुळतात असे मात्र नाही. २०२४ मध्ये चर्चने २५ मार्चची, म्हणजे आपल्या होळीची पौर्णिमा घेतली आणि ईस्टर ३१ मार्चला आला. ज्यूंचा त्या वर्षी अधिक अदार होता, म्हणून पेसाह हनुमान जयंतीसोबत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेला. जुन्या ज्युलियन गणनेने चालणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर तर ५ मे रोजी झाला. ती गणना सध्या १३ दिवस मागे आहे. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, दोन्ही ईस्टर २० एप्रिलला एकत्र आले.

कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने आपल्या सणांना मराठी नावे दिली. ज्यू नववर्ष रोश हशाना त्यांच्यात नव्याचा सण, तर पुरिम होळीचा सण, आणि पुरिम खरोखरच फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो. मराठी वर्तमानपत्रात ही नावे असायलाच हवीत. रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही, हे तपासनिसाने लक्षात ठेवावे. बुधवारी किंवा शुक्रवारी आला तर योम किप्पूर शब्बाथच्या लगत पडेल, आणि रविवारी आला तर सुक्कोथ या सणातला विलोच्या फांद्यांचा विधी शब्बाथला येईल. म्हणून तो तारीख ठरतानाच पुढे ढकलला जातो. तुमच्या यादीत यांपैकी एखादा वार दिसला तर छपाई थांबवून पुन्हा पाहावे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. श्वेतांबर जैनांचे पर्युषण आठ दिवसांचे असून संवत्सरी बहुतेकांची भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, स्थानकवासींची पंचमीला. दिगंबरांचे दशलक्षण त्या पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपते. ‘पर्युषण समाप्त’ अशी एकच ओळ छापली की अर्धा जैन समाज वगळला जातो. गुरू गोविंदसिंग जयंती पौष शुद्ध सप्तमीची. ती २०२३ मध्ये एकदाही आली नाही, आणि २०२५ मध्ये ६ जानेवारी आणि २७ डिसेंबर अशी दोनदा आली. शिखांच्या २००३च्या नानकशाही गणनेने ती ५ जानेवारीला पक्की आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचेही दोन दिवस आहेत. १९५६ मध्ये दसरा १४ ऑक्टोबरला होता, म्हणून काही जण तारखेने पाळतात, आणि दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा दसऱ्याला होतो. चैत्यभूमीचा ६ डिसेंबर मात्र तारखेचाच. २०३० मध्ये रमजान जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होणार आहे. यादी करणाऱ्याला ती छपाईची चूक वाटू नये.

हिंदू सणांतही दोन तारखा येतात हे विसरू नये. २०२४ मध्ये अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी पावणेचारनंतर सुरू झाली आणि १ नोव्हेंबरला सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात संपली. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळचे, आणि अमावास्या दोन्ही प्रदोषांना शिवत होती. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ तारीख दिली, देशात अनेक ठिकाणी ३१ला पूजन झाले. मुंबईतल्या उत्तर भारतीयांचा श्रावण पौर्णिमान्त (पौर्णिमेला महिना संपणाऱ्या) गणनेमुळे आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. तेव्हा आपण ‘मतभेद’ न म्हणता ‘परंपरा’ म्हणतो. हाच न्याय ईदच्या तारखेलाही मिळावा.

शुभेच्छांच्या चौकटीबद्दलही एक विनंती. मोहरमची १० तारीख शोकाची आहे आणि गुड फ्रायडे उपवासाचा. या दोन दिवशी ‘हार्दिक शुभेच्छा’ छापू नयेत. जाहिरात विभागाकडे जाणारा मजकूरही याच कसोटीवर तपासावा.

जागेची अडचण आम्हाला ठाऊक आहे. पुढील एवढी ओळ पुरेल: ‘रमजान ईद, शनिवार २१ मार्च (चंद्रदर्शनानुसार, बोहरा समाजाची एक-दोन दिवस आधी)’. किंवा ‘योम किप्पूर, २० सप्टेंबरच्या सूर्यास्तापासून २१च्या रात्रीपर्यंत’. किंवा ‘नवरोज (शहेनशाही), १५ ऑगस्ट, पतेती १४ला’. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाची सुट्ट्यांची अधिसूचना हा यादीचा पाया असावा, पण ती सुट्टीची तारीख सांगते आणि सण तिच्या आगेमागे असू शकतो, जसा मुंबईत सलग तीन वर्षे मिलादचा झाला. म्हणून ‘सुट्टी’ आणि ‘सण’ असे दोन रकाने करावेत. पुढची यादी डिसेंबरात पानावर लागण्यापूर्वी तिचा कच्चा खर्डा तपासून द्यायला आम्ही तयार आहोत, मोबदल्याशिवाय.

आपले,
दिनदर्शिकांच्या तारखा तपासणारे काही वाचक,
दादर, मुंबई